हॉटेलच्या बाथरूममध्ये छोट्या बाटल्या बऱ्या की भिंतीवरचा डिस्पेन्सर?

एक रात्र राहायचं असलं तरी शाम्पू, कंडिशनर, लोशनच्या एवढुशा बाटल्या रांगेत मांडलेल्या असतात, आपण एखादी उघडून जरासा शाम्पू घेतो आणि उरलेलं सगळं कचऱ्यात. रिसायकल होईल म्हणावं तर तेही अवघड, कारण झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, आत शाम्पू चिकटलेला आणि आकार इतका लहान की कचरा वेगळा करणाऱ्या मशीनमधून ती निसटूनच जाते. मॅरियटने २०१९ मध्ये सांगितलं होतं की डिस्पेन्सर बसवल्यावर त्यांच्या हॉटेलांतच वर्षाला जवळपास ५० कोटी बाटल्या वाचतील. वाचून मला धक्काच बसला.

डिस्पेन्सरबद्दल लोक विचारतात, आधीच्या गेस्टने आत काही मिसळलं असेल तर? शंका रास्त आहे. म्हणून कुलूपवाला, सीलबंद पंप हवा, जो रिकामा झाला की अख्खा बदलता येतो. जुन्यावरच नवीन ओतत राहिलं तर आत जंतू वाढू शकतात. मी रूममध्ये गेल्यावर पंपाच्या तोंडाशी सुकलेल्या साबणाचा थर आहे का ते आधी बघते, त्यावरून स्टाफ किती लक्ष देतो ते लगेच कळतं.

बाटली सोबत नेता येते हे खरं, पण तेवढ्यासाठी एवढं प्लास्टिक? मला नाही पटत. कॅलिफोर्नियात तर ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून आणि बाकीच्यांना २०२४ पासून या बाटल्या द्यायला बंदीच आहे.