सोसायटीच्या मीटर रूमसाठी ईएम 6400 एनजी: मीटर चांगला, खरी परीक्षा जोडणीची

कॉमन बिल वाढलं की सभेत पहिला संशय लिफ्टवर, दुसरा पंपावर. महावितरणचा मीटर एकूण युनिट सांगतो, कुठल्या फीडरने (लिफ्ट, पंप अशा एकेका लोडकडे जाणाऱ्या लाइनने) किती खाल्ले ते सांगत नाही. म्हणून घोडबंदर रोड, खारघर, घणसोलीकडच्या मोठ्या संकुलांनी कॉमन पॅनलमध्ये फीडरवार मीटर बसवायलाच हवेत. त्यासाठी श्नायडरचा ईएम 6400 एनजी हा भरवशाचा मीटर आहे. मूळ ईएम 6400 बंगळुरूच्या कॉन्झर्व्हचा. ती कंपनी 2009 मध्ये श्नायडरकडे गेली, त्यामुळे पॅनलवाल्यांचा हात या मीटरवर बसलेला आहे.

आकार 96 बाय 96, कटआउट (पॅनलमध्ये कापायचं भोक) 92 बाय 92 मिलिमीटर. लाल एलईडीच्या तीन ओळी अंधाऱ्या मीटर रूममध्ये दोन पावलं मागूनही वाचता येतात, शेजारचा लोडबार (लोड किती ते दाखवणारी दिव्यांची पट्टी) वॉचमनलाही कळतो. ऑर्डर देताना अचूकतेचा क्लास लिहूनच द्या, आकडा जितका लहान तितका मीटर अचूक. सोसायटीला आपल्याआपल्यात खर्च वाटण्यासाठी क्लास 1 पुरतो. भाडेकरूंना युनिटवर पैसे लावायचे असतील तर क्लास 0.5एस मागा. मात्र चांगल्या मीटरला स्वस्त सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मोठा करंट मीटरसाठी लहान करून देणारा) जोडला तर तो जास्तीचा पैसा पाण्यात.

सीटी निवडताना चूक हमखास होते. इनकमर (पॅनलचा मुख्य स्विच) 400 अँपचा, म्हणून सगळीकडे 400/5 (400 अँपला मीटरकडे 5 अँप देणारा) ठोकून देतात. पंपाच्या फीडरवर प्रत्यक्ष 15 अँप वाहत असतील तर सीटी आपल्या क्षमतेच्या चार टक्क्यांवर चालतो आणि तिथे त्याच्या अचूकतेला अर्थ राहत नाही. त्या फीडरला 50/5 बसवा. अंतराचंही बघा. 2.5 चौ. मिमी तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण 7.4 ओहम असतो. सीटी ते मीटर पाच मीटर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर वायर, 5 अँपला जवळपास 1.9 व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे सीटीवर पडणारा भार). 5 व्हीएचा सीटी हे सहज पेलतो. अंतर पंधरा मीटर झालं की नुसती वायरच साडेपाच व्हीए खाते. अशा ठिकाणी 1 अँप सेकंडरीचा (मीटरकडच्या बाजूला 5 ऐवजी 1 अँप देणारा) सीटी घ्या, तोच भार पंचविसाव्या हिश्शावर येतो.

सीटीची सेकंडरी चालू लोडवर उघडी टाकू नका. टोकांवर जीवघेणं व्होल्टेज येतं. शॉर्टिंग लिंकचं (सेकंडरीची टोकं आपसात जोडून ठेवणाऱ्या पट्टीचं) टर्मिनल नसलेलं पॅनल ताब्यातच घेऊ नये, कारण उद्या मीटर बदलताना तिथे हात घालणारा कुणाच्या तरी घरचा माणूस असतो.

आता जोडणीची तपासणी. तिन्ही फेजवर सारखा, एकूण 9 किलोवॅट लोड आहे असं धरा. एका सीटीचे एस1-एस2 (सेकंडरीची दोन टोकं) उलटे लागले तर दोन फेज अधिक, एक उणे, आणि मीटर दाखवतो 3 किलोवॅट. दोन फेजचे सीटी एकमेकांत अदलाबदल झाले तर एकूण आकडा शून्याच्या आसपास येतो. दोन्ही वेळा अँप मात्र बरोबर दिसतात, आणि इथेच इलेक्ट्रिशियन फसतो. म्हणून अँप बघून सही करू नका. प्रत्येक फेजचे किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (किलोवॅट आणि व्होल्ट-अँपचं प्रमाण) वेगवेगळे वाचा. उणे चिन्ह दिसलं किंवा एखाद्याच फेजचा पॉवर फॅक्टर चमत्कारिक आला, की आधी सीटी तपासायचा.

मीटरचे आकडे गेटवेपर्यंत (ते गोळा करून नेटवर्कवर पाठवणाऱ्या डब्यापर्यंत) नेणारी आरएस-485 ची वायर एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यावी, चांदणीसारखे एका जागेवरून फाटे काढू नयेत. साखळीच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा रेझिस्टर, वायरच्या शील्डला अर्थिंग एकाच टोकाला, लिफ्टच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून फूटभर तरी लांब. प्रत्येक मीटरला वेगळा आयडी द्या. पॅरिटी (चूक ओळखण्याची सेटिंग) दोन्हीकडे सारखी ठेवा; मीटर इव्हन पॅरिटीवर आणि गेटवे नो पॅरिटीवर असेल तर वायर निर्दोष असूनही उत्तर येत नाही. उत्तर आलं पण व्होल्टेज अब्जावधीत दिसलं, तर गेटवेत फ्लोटच्या (दशांश आकड्याच्या) दोन शब्दांचा, म्हणजे 16-16 बिटांच्या दोन तुकड्यांचा, क्रम उलटा आहे, मीटर बिघडलेला नाही. मीटर ज्या भाषेत बोलतो तो मॉडबस 1979 मधला आहे, पण साधा असल्यामुळे कुठल्याही कंपनीच्या गेटवेशी बोलतो. हा या मीटरचा मोठा गुण. बेसमेंटमध्ये वायफायच्या भरवशावर राहू नका, इथरनेटची वायर खेचा.

पॅनलचं दार आणि ग्लँड (केबल आत शिरते तिथली बुचं) घट्ट हवेत. पावसाळ्यात खाडीकाठची दमट हवा टर्मिनल हिरवी करते. त्यात मीटरचा दोष नसतो.

कोटेशन तुलनेला ठेवताना एक ध्यानात असू द्या. ठाणे-नवी मुंबईतली दुकानं अजून ज्याला 'एल अँड टीचं स्विचगियर' म्हणतात, तो व्यवसाय 2020 मध्ये श्नायडरने टेमासेकच्या साथीने घेतला आणि 2024 पासून तो लॉरिट्झ नुडसेन नावाने विकला जातो. म्हणजे श्नायडर आणि लॉरिट्झ नुडसेन ही दोन कोटेशनं एकाच घरची. खरी स्पर्धा हवी असेल तर तिसरं कोटेशन बाहेरच्या कंपनीचं मागवा. शिवाय कोटेशनमध्ये सीटीचा रेशो, क्लास आणि व्हीए, शॉर्टिंग लिंक, कमिशनिंगचा फेजवार तक्ता या गोष्टी लिहून घ्या. नुसतं 'मल्टिफंक्शन मीटर, 6 नग' एवढंच लिहिलेलं असेल तर तो कागद परत पाठवा.