‘पेट्रा फेअरवेल’: ३३ वर्षांच्या वाटचालीनंतरची थेट मैफल

पेट्रा या अमेरिकन ख्रिस्ती रॉक बँडने २००५ साली निरोपाचा दौरा काढला आणि त्या दौऱ्यातील ४ ऑक्टोबरची, टेनेसी राज्यातील फ्रँकलिन येथे झालेली मैफल ध्वनिमुद्रित करून ‘पेट्रा फेअरवेल’ या नावाने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीडी आणि डीव्हीडी अशा दोन्ही रूपांत प्रसिद्ध केली. १९७२ साली सुरू झालेल्या बँडची ३३ वर्षे एका संध्याकाळी मांडायची, हे काम मुळातच अवघड होते. या अल्बममध्ये जिथे गाण्याला पूर्ण वाव मिळाला आहे आणि शब्द कानांपर्यंत स्वच्छ पोहोचले आहेत, तिथे तो फार उंचीवर जातो. जिथे सगळेच एकदा वाजवून घ्यावे अशी घाई झाली आहे, तिथे तो चुटपुट लावतो. तरीही ख्रिस्ती रॉकबद्दल आस्था असलेल्या कोणीही तो ऐकावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे बॉब हार्टमन, ग्रेग हफ आणि त्यांच्या दोन साथीदारांनी हा बँड उभा केला, त्या वेळी चर्चच्या भिंतींच्या आत इलेक्ट्रिक गिटारला स्थान नव्हते. १९७४ साली आलेल्या पहिल्या अल्बमची फारशी दखल घेतली गेली नाही. ग्रेग एक्स. व्होल्झ या गायकाच्या आगमनानंतर आणि विशेषतः १९८१ ते १९८३ या काळातील अल्बममुळे पेट्राचे नाव झाले. १९८५ च्या अखेरीस व्होल्झ बाहेर पडले आणि १९८६ मध्ये जॉन श्लिट यांनी गायनाची धुरा उचलली. पुढे चार ग्रॅमी पुरस्कार मिळाले आणि २००० साली गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये प्रवेश मिळवणारा पहिला रॉक बँड होण्याचा मानही पेट्राकडे गेला. हे सारे खरे असले तरी पेट्राची खरी ओळख पुरस्कारांत शोधू नये. ती हार्टमन यांच्या लेखणीत आहे. बायबलमधील एखादे वचन घ्यायचे, ते तरुणांच्या रोजच्या बोलीत उतरवायचे आणि त्यातला अर्थ जरासुद्धा पातळ होऊ द्यायचा नाही, हे कसब त्यांनी दीर्घकाळ टिकवले. १९९० च्या ‘बियाँड बिलीफ’ या अल्बममध्ये तर त्यांनी प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची प्राचीन कबुलीच, रॉकच्या ठेक्यावर बसवला, आणि तो ऐकताना कुठेही ओढाताण जाणवत नाही.

या बँडला विरोधही कडवा झाला. दूरचित्रवाणीवरून प्रवचने करणारे जिमी स्वॅगर्ट यांच्यासारखे धर्मोपदेशक ख्रिस्ती रॉकवर उघड तुटून पडत होते, आणि रॉकच्या तबकड्या उलट्या फिरवल्या की त्यांतून सैतानाचे संदेश ऐकू येतात, असा प्रवाद त्या काळात जोरात होता. पेट्राने त्याला १९८२ साली दिलेले उत्तर फार नेमके होते. ‘जुडास किस’ या गाण्याच्या सुरुवातीला त्यांनी खरोखरच एक उलटा संदेश ठेवला, आणि तो सुलटा करून ऐकणाऱ्याला एवढेच कळायचे की प्रभूला शोधायचे सोडून तू सैतानाला कशाला शोधत बसला आहेस. नारायण वामन टिळकांचे अभंग आणि ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातील भजने पेटी-तबल्यावर म्हणत वाढलेल्या मराठी ख्रिस्ती श्रोत्याला हा सगळा वाद कदाचित दूरचा वाटेल, कारण आपल्या मातीतल्या चालीवर उपासना करण्याची सवय त्याच्या घरात चार पिढ्यांपूर्वीच रुजलेली आहे. अमेरिकेतल्या त्या तरुणांना मात्र आपल्या पिढीच्या संगीतासाठी ही जागा मिळवावी लागली, आणि फ्रँकलिनच्या सभागृहातील श्रोत्यांच्या आवाजात जी कृतज्ञता ऐकू येते तिचे मूळ तिथे आहे.

आता श्लिट यांच्या गाण्याविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण अल्बमचा बराचसा भार त्यांनीच पेलला आहे. ही मैफल झाली तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. सत्तरच्या दशकात हेड ईस्ट या लोकप्रिय बँडचे गायक असताना ते व्यसनांत अडकले, १९८० साली त्या बँडमधून बाहेर पडावे लागले आणि त्यानंतर ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना सावरले, हा त्यांचा प्रवास सर्वज्ञात आहे. त्यांचा आवाज मुळात खरखरीत आणि टोकदार; तो वरच्या सप्तकात शिरला की किंचित फाटतो, आणि त्या फाटण्यातच त्याची ताकद आहे. १९९० च्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिले तर या अल्बममध्ये टिपेचे सूर क्वचित आखूड झाले आहेत, काही ओळींच्या शेवटी श्वास ऐकू येतो आणि वेगवान गाण्यांत शब्दांच्या कडा जरा झिजतात. त्याच्या बदल्यात मधल्या पट्टीतील स्वराला जे वजन आले आहे ते पूर्वी नव्हते. ‘बियाँड बिलीफ’ या शीर्षकगीतात हे सर्वांत चांगले कळते. विश्वासाच्या उथळ पाण्यातून खोलात चला असे सांगणारे हे गाणे चाळिशीतल्या गायकाने म्हटले तेव्हा ते आवाहन होते. इथे त्याला साक्षीचे रूप येते, कारण सांगणारा स्वतः त्या पाण्यातून गेलेला आहे.

माझा मुख्य आक्षेप आहे तो गाण्यांच्या साखळीवर. ‘धिस मीन्स वॉर’, ‘मिडनाइट ऑइल’, ‘माइन फील्ड’ ही एकेकाळी मैफली गाजवणारी गाणी इथे एका लांबलचक साखळीत, एकेका कडव्यापुरती किंवा धृपदापुरती येऊन जातात. वीसच्या आसपास अल्बम असलेल्या बँडला असे काही करणे भाग पडते, हे समजते. पण हार्टमन यांची गाणी युक्तिवादासारखी रचलेली असतात: पहिल्या कडव्यात प्रश्न, दुसऱ्यात त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध आणि धृपदात वचनाचा आधार. नुसते धृपद उचलले की आधार हाती लागतो, पण कशासाठी ते कळत नाही. जुन्या चाहत्याच्या मनात उरलेले गाणे आपोआप पूर्ण होते. नव्या श्रोत्यासाठी मात्र ही सात-आठ मिनिटे नुसती धावपळ ठरतात. त्यापेक्षा तीन गाणी सबंध घेतली असती तर बरे झाले असते.

याच्या अगदी उलट अनुभव अकूस्टिक भागात येतो. गिटारचा गोंगाट खाली बसतो, तालही सैलावतो आणि १९८२ च्या ‘मोअर पॉवर टू या’ अल्बममधील ‘रोझ कलर्ड स्टेन्ड ग्लास विंडोज’सारखे गाणे पुढे येते. रंगीत काचांच्या आड सुरक्षित बसून बाहेरच्या जगाचे दुःख न पाहणाऱ्या चर्चच्या मंडळीला विचारलेला तो जाब आहे, आणि तो कोणी बाहेरचा माणूस विचारत नाही, मंडळीतलाच एक भाऊ विचारतो. हे गाणे शांतपणे म्हटल्यावर अधिक बोचते. इथेही गाण्यांची साखळीच आहे, परंतु ती श्वास घेत पुढे सरकते.

अल्बमचा कळस मात्र ‘ग्रेव्ह रॉबर’ हाच आहे. २० वर्षांपूर्वी बँड सोडून गेलेले व्होल्झ या मैफलीत पाहुणे म्हणून आले, आणि पेट्राच्या चाहत्यांमध्ये ‘व्होल्झ की श्लिट’ हा वाद किती वर्षे रंगला आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या घटनेचे मोल सांगायला नको. व्होल्झ यांचा आवाज पातळ, लवचिक आणि तेजस्वी आहे. एखादा स्वर लावून तो हळूच वर नेण्याची त्यांची लकब तशीच शाबूत राहिली आहे. हे गाणे मूळचे त्यांच्याच आवाजातले, १९८३ च्या ‘नॉट ऑफ धिस वर्ल्ड’ या अल्बममधले. बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायातील ‘अरे मरणा, तुझी नांगी कोठे?’ या वचनावर ते उभे आहे. रचना संथ आहे, कीबोर्डचे सूर दूरवर पसरतात आणि पुनरुत्थित ख्रिस्त कबरी रिकाम्या करणारा म्हणून येतो. ३३ वर्षांत ज्यांनी या संगीताच्या साथीने आईवडिलांना किंवा मित्रांना निरोप दिला असेल, असे किती तरी लोक त्या सभागृहात असणार. धृपदाला श्रोत्यांचा आवाज ज्या तऱ्हेने मिसळतो त्यावरून ते कळते. इथे कोणी कोणावर कुरघोडी करत नाही. ‘व्होल्झ की श्लिट’ हा प्रश्न निदान या एका गाण्यापुरता तरी मला निरर्थक वाटला.

वादकांपैकी हार्टमन यांच्याबद्दल एवढेच म्हणेन की त्यांचे गिटारवादन कधीच दिखाऊ नव्हते आणि इथेही नाही. १९९५ पासून काही वर्षे दौऱ्यांपासून दूर राहिलेला हा माणूस परत आल्यावर बँडचा आवाज पुन्हा घट्ट झाला आहे. ड्रम्सवर पॉल सिमन्स जोरकस आहेत, जुन्या गाण्यांसाठी क्वचित जास्तच. ग्रेग बेली यांचा बास भक्कम आहे. दुसरे पाहुणे जॉन लॉरी यांचे कीबोर्डवादन ऐकताना ऐंशीच्या दशकातला पेट्रा पुन्हा समोर उभा राहतो. गळ्यात कीबोर्ड अडकवून मंचभर फिरणारा हा कलाकार नुसता ऐकण्यापेक्षा पाहण्यात अधिक आनंद आहे, म्हणून या भागासाठी डीव्हीडीच घ्यावी. ‘जेकिल अँड हाइड’ हे २००३ च्या अल्बमचे शीर्षकगीत बँडच्या शेवटच्या काळातील धारदार वळणाचा चांगला नमुना आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ची रॉक मांडणी मात्र मूळ भजनात काही नवी भर घालत नाही.

पेट्राचा पहिला थेट अल्बम, १९८६ चा ‘कॅप्चर्ड इन टाइम अँड स्पेस’, शेजारी ठेवून पाहिला तर फरक ठळक होतो. तो व्होल्झ यांच्या काळाचा अखेरचा दस्तऐवज. त्यात वेग आहे, चढती कमान आहे, तरुण बँडचा आत्मविश्वास आहे आणि गाणी पुरेशी लांब आहेत. ‘फेअरवेल’मध्ये ती सलगता नाही. पण त्या अल्बममध्ये जे असणे शक्यच नव्हते ते इथे आहे: एकच श्रद्धा दोन वेगळ्या गळ्यांतून, दोन वेगळ्या कालखंडांतून एका मंचावर येते.

या बँडचा शेवटचा कार्यक्रम ३१ डिसेंबर २००५ च्या रात्री नॉर्थ कॅरोलायनातील मर्फी येथे झाला. पुढे व्होल्झ यांच्यासह जुने सदस्य २०१० मध्ये ‘क्लासिक पेट्रा’ म्हणून एकत्र आले आणि वर्धापनाच्या निमित्ताने श्लिट यांच्यासह पेट्राही पुन्हा मंचावर उभा राहिला, त्यामुळे ‘निरोप’ हे नाव आज अक्षरशः घेण्याचे कारण उरलेले नाही. तरी त्या रात्री गाणाऱ्यांच्या मनात तो खराच निरोप होता, आणि तसा तो ऐकू येतो. पेट्राशी पहिलीच ओळख करून घेणाऱ्याने आधी ‘मोअर पॉवर टू या’ आणि ‘बियाँड बिलीफ’ हे दोन अल्बम गीतांचे शब्द समोर ठेवून सबंध ऐकावेत आणि त्यानंतर ‘फेअरवेल’कडे वळावे, जुन्या चाहत्याने गाण्यांच्या साखळीचा भाग खुशाल पुढे ढकलून सरळ अकूस्टिक गाण्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.