चार स्क्रू, सायकलची ट्यूब आणि माझे २५,००० रुपये

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे माझीही लाज एकदाची संपेल. एअर रायफलीवरची दुर्बीण म्हणजे स्कोप १४,५००, तो धरणाऱ्या रिंगा म्हणजे माउंट ३,२००, घरी येऊन बसवणं आणि झिरो करून देणं, म्हणजे नेम जुळवून देणं, २,५००. झाले २०,२००, सगळे रोख. वर 'वॉरंटीचं डिपॉझिट' ४,८००, ते यूपीआयने. एकूण २५,०००. हातात उरलं काय, तर दोन रिंगा, एक खोकं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी.

मी भोसरीत एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. बावीस वर्षं. दिवसभर माझं काम एकच, बोल्ट नीट आवळलाय का ते बघणं आणि त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारणं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ज्यांना मी ही हकीकत सांगितली ते सगळे आधी हेच विचारतात, "अरे, तू तर यातलाच ना?" हो, यातलाच.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ब्राँझ आणलं. आपल्या कोल्हापूरकडचा पोरगा, पुण्यात रेल्वेत नोकरी करणारा. ते बघून मी आणि माझा मुलगा दोघेही पेटलो आणि स्प्रिंगची एअर रायफल घेतली. ऑलिंपिकच्या त्या प्रकारात स्कोप नसतोच, हे मुलगा तेव्हाच म्हणाला होता. मीच म्हटलं, आपल्याला कुठे ऑलिंपिकला जायचंय, चाळिशीच्या डोळ्याला दिसायला तर पाहिजे.

स्कोप विकणारा तो माणूस ओळखीच्या ओळखीतून आला. तिशीचा, गोड बोलणारा, पाठीवर लाल सॅक. पहिल्या मिनिटापासून "काका". खोक्यावर शिंगं पसरलेल्या हरणाचं चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'हंटिंग'. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, हा स्कोप नक्की कोणासाठी, असं मी हसत विचारलं. तो म्हणाला, "काका, एक्स्पोर्टचा माल आहे, तोफेवर लावला तरी हलणार नाही." आता कळतंय की तोफेवर लावला असता तर एक वेळ टिकलाही असता. मोठ्या रायफलीचा धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे जाताना बंदूक मागे येते आणि पिस्टन आपटला की झटक्यात पुढे जाते. दोन्हीकडून मार. ज्याच्यावर 'एअर रायफलला चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं नाही तो स्कोप फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आता तो क्षण. रविवार, सकाळी साडेअकरा, आमचा हॉल. टीपॉयवर सतरंजी, तिच्यावर रायफल. त्याने रिंगा रायफलीवरच्या खाचेत, म्हणजे डव्हटेलवर, सरकवल्या, स्कोप ठेवला, आणि वरच्या टोप्या बसवायच्या आधी सॅकमधून काळ्या रबराची पट्टी काढून स्कोपच्या नळीभोवती दोन वेढे घातले. मी विचारलं, हे काय? "शॉक अ‍ॅब्सॉर्बर. स्प्रिंग गनला लागतोच, काका." लबाडी बघा, धक्क्याची गोष्ट खरी होती, म्हणून उत्तर पटलं. मग तो साध्या एल-कीने स्क्रू आवळायला लागला. एका बाजूचे आधी पूर्ण, मग दुसऱ्या बाजूचे. आणि मला दिसलं की त्याने किल्लीवरची बोटं सोडली की किल्ली केसभर मागे यायची. प्रत्येक वेळी. धातूवर धातू बसला की बोल्ट टणकन थांबतो, मागे येत नाही. मागे येतो तेव्हा खाली काहीतरी मऊ दबतंय. हे मी नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो! मी बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी चहा सांगितला.

माप घ्यायचा व्हर्नियर माझ्या बॅगेत होता. बॅग माझ्या खुर्चीपासून चार फुटांवर.

नंतर मोजलं. रिंगा ३० मिलिमीटरच्या, आणि स्कोपची नळी एक इंच, म्हणजे २५.४. खोक्याच्या तळाशी लिहिलेलं होतं, मी वरचं हरीणच बघत बसलो. जवळजवळ साडेचार मिलिमीटरचा फरक त्याने पंक्चरवाल्याकडच्या ट्यूबने भरून काढला होता.

माझी बाजूही ऐका. घरात पाहुणे होते. हा विषय मला नवा होता. आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये हे मी वर्कशॉपमध्येच शिकलोय. ज्याला पैसे देऊन बोलावलं त्याला "दाखव, मी मोजतो" म्हणायला मला लाज वाटली. तुम्ही वाटू देऊ नका.

पौडजवळ साडूच्या शेतावर मातीच्या मोठ्या बांधासमोर त्याने झिरो करून दाखवलं. पंचवीस मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. मी खूश. पुढच्या रविवारी तेच पाच छर्रे पोळीएवढ्या जागेत. मी स्कोपवरचे नेम जुळवायचे नॉब फिरवत बसलो, क्लिकवर क्लिक, आज डावीकडे, उद्या खाली. झिरो एका जागी राहत नसेल तर नॉबला हात लावू नका, आधी स्क्रू बघा. दीडेकशे छर्ऱ्यांनंतर अख्खा स्कोप बोटभर मागे सरकलेला दिसला. शिवाय मोठं करून बघितलं की पंधरा मीटरवर सगळं धूसर. त्यावर त्याचं फोनवरचं उत्तर, "काका, चष्म्याचा नंबर तपासा." लांबच्या अंतरासाठी बनवलेला स्कोप जवळच्या अंतरावर असाच दिसतो. पुढच्या भिंगाला फिरवायची कडी असलेला घ्यावा लागतो, १० मीटरपासून जुळणारा. हे कळेपर्यंत मी चष्म्याच्या दुकानात जाऊन आलो होतो.

मग त्याने घरी येऊन स्कोप कानाशी हलवला, म्हणाला आत रेटिकल, म्हणजे नेमाची फुली, सुटलंय, कंपनीला पाठवतो, डिपॉझिट ४,८००, महिन्यात परत. दिले. होय, दिले. पंधरा हजारांची वस्तू वाचत असेल तर पाच हजार कोण नाही देणार? स्कोप घेऊन गेला. चौथ्या दिवसापासून फोन बंद.

चौकीत गेलो तर पहिला पाऊण तास गेला मी गुन्हेगार नाही हे सिद्ध करण्यात. "रायफल? लायसन्स कुठाय?" ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्स लागत नाही, हे बिल दाखवून तीन जणांना तीनदा सांगितलं. चौथ्याने रायफलीची किंमत विचारली, पुतण्याला घ्यायची म्हणून. मग, "ऑनलाइन पैसे दिलेत ना, सायबरला जा." तिथे, "बहुतेक रक्कम रोख आहे, चौकीला जा." परत चौकीत, "तो हडपसरचा म्हणता, मग तिकडच्या हद्दीत द्या." पैसे माझ्या हॉलमध्ये दिले, हडपसरचा काय संबंध? आणि हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. हे मी घरी येऊन वाचलं. फसवणुकीचं कलमही आता ४२० नाही, नव्या न्याय संहितेचं ३१८. अर्जात मी ४२० लिहिलं म्हणून अर्ज परत केला, तेवढा मात्र नियम त्यांना पाठ होता. बँकेतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पिन तुम्हीच टाकलात ना?" शेवटी शिक्का मारलेली एक पोच मिळाली. तिच्यावरची तारीखसुद्धा चुकीची आहे.

पैसे गेल्याचं कळल्यावर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मी सहा दिवस 'येईल बिचारा' म्हणत बसलो. बिल नाही तर ग्राहक आयोगात उभंही राहता येत नाही असं समजू नका, पण बिल घ्याच.

आता मी स्वतः बसवलेला दुसरा स्कोप हलत नाही. रिंगा नळीच्याच मापाच्या, मागच्या रिंगमागे ती सरकू न देणारा स्टॉपर, स्क्रू आलटून पालटून तिरपे, थोडे थोडे, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या छोट्या टॉर्क ड्रायव्हरने साधारण २ न्यूटन-मीटर, माउंटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेवढंच. जोर काढलात तर नळीच चेपेल. आणि प्रत्येक स्क्रूवर बायकोच्या नेलपॉलिशची रेघ. ती म्हणाली, "अहो, हीच रेघ ऑफिसात मारायचा पगार मिळतो ना तुम्हाला?"

त्याने आता नाव आणि नंबर बदलला असेल. सॅक लाल आहे, उजव्या अंगठ्याचं नख काळं आहे आणि रबर काढताना तो 'शॉक अ‍ॅब्सॉर्बर' म्हणतो. कोणाकडे आला तर पट्टी ठेवून घ्या. माझ्याकडच्या पट्टीच्या एका टोकाला व्हॉल्व्हचं अर्धं भोक आहे. दुसरं अर्धं कोणाच्या तरी रायफलीवर असणार.