पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीच्या) नावाखाली १,४७,१५० रुपये गेले. पीएचडीवाल्यांनो, वाचा

आकडा आधीच सांगून टाकतो. १२,४०० रुपये कागदपत्रांच्या पडताळणीचे, ३८,७५० क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) सेफ्टी ट्रेनिंग आणि विम्याचे, ९६,००० व्हिसासाठीच्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’चे (तिथल्या खर्चाची रक्कम आधीच अडकवून ठेवायचं खातं). एकूण १,४७,१५०. पुढची मागणी १,८५,००० ची होती, ती दिली नाही.

लॉटरी लागली म्हणून लिंक दाबणाऱ्यांतला मी नाही. फिजिक्समध्ये पीएचडी आहे, हाफ्निअम ऑक्साइडच्या पातळ थरांवर. हे मटेरियल फेरोइलेक्ट्रिक (वीज बंद केली तरी आपली अवस्था लक्षात ठेवणारं) असू शकतं हे २०११ साली जर्मनीतल्याच संशोधकांनी दाखवलं आणि नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये मेमरीवर काम करणारे सगळे त्याच्या मागे लागले. तेव्हा जर्मन विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या नावाने नेमक्या याच विषयातल्या पोस्टडॉकची मेल आली, तर त्यात संशय घेण्यासारखं काय होतं? इकडे सेट, पीएचडी सगळं करून पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोय. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बोंब, आणि झालेल्या तासांचं बिल निघेल तेव्हा निघेल. कायम भरतीची वाट बघत केस पिकले. अशा माणसाला ‘तुमचा पेपर वाचला’ असं कुणी लिहिलं तर तो उत्तर देणारच.

विद्यापीठ खरं आहे, प्राध्यापकही खरे आहेत. त्यांचा यात काही संबंध नाही, म्हणून नाव घेत नाही. मेलच्या पत्त्यात विद्यापीठाच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ एवढंच जास्तीचं होतं. भरतीसाठी वेगळी साइट आजकाल सगळ्यांचीच असते. (तरी तुम्ही बघा. डोमेन कधी नोंदवलं ते फुकटात कळतं. दीडदोनशे वर्षं जुन्या विद्यापीठाचं डोमेन गेल्या महिन्यातलं कसं?)

मुलाखत व्हिडिओवर झाली, घेणारा स्वतःला तेच प्राध्यापक म्हणवत होता. त्यांचा कॅमेरा बंद, ‘बँडविड्थ’मुळे. पण प्रश्न असे की कुणीही फसेल. वेक-अप इफेक्ट कसा हाताळला, वरचं इलेक्ट्रोड टायटॅनिअम नायट्राइडचंच का, अ‍ॅनीलिंगचं तापमान कसं ठरवलं. आता कळतंय की हे सगळे प्रश्न माझ्याच पेपरच्या शेवटच्या भागातून उचलले होते. बहुतेक वेळ मीच बोलत होतो. तो ‘इंटरेस्टिंग, गो ऑन’ म्हणत होता.

आणि मग ती वेळ आली, जी अजून झोप लागू देत नाही. शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ असं त्याने विचारल्यावर मी विचारलं, तुमच्या एएलडी मशीनवर (अणूंचा एकेक थर चढवणारं यंत्र) हाफ्निअमसाठी कुठला प्रिकर्सर (थर ज्यातून बनतो ते रसायन) वापरता? तो म्हणाला, ‘ऑल द स्टँडर्ड वन्स.’

ज्याने एएलडीवर काम केलंय त्याला हे वाचूनच खटकलं असेल. प्रिकर्सर म्हणजे स्वयंपाकघरातलं तेल. कुठलं वापरता विचारलं की बाई एका दमात ब्रँड सांगते आणि त्याच्या किमतीबद्दल कुरकुरते. खरा लॅबवाला टीडीएमएएच की टीईएमएएच ते लगेच सांगतो, वर सिलिंडर कधी संपला आणि नवा यायला किती महिने लागले याचं रडगाणंही गातो. ‘स्टँडर्ड’ असं कोणी म्हणत नाही. मला खटकलं, नाही असं नाही. पण मोठी प्राध्यापक मंडळी मशीनला हात कुठे लावतात? माझ्या गाइडांनाही प्रिकर्सरचं नाव मलाच विचारावं लागायचं.

३८,७५० मध्ये कसा अडकलो तेही ऐका. आपल्याकडे मोठ्या फॅब्रिकेशन सेंटरमध्ये मशीनच्या स्लॉटचे पैसे लागतात, आत जाण्याआधी सेफ्टी ट्रेनिंग लागतं, हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड हाताळायचं तर वेगळं. त्यामुळे ‘एचएफ हँडलिंग सर्टिफिकेट’ची पावती मला अगदी नेहमीची वाटली. चोराला आपली लॅब कशी चालते ते माहीत होतं. लक्षात ठेवा, नोकरीवर घेणारी संस्था ट्रेनिंगचे पैसे नोकराकडून घेत नाही. जर्मनीतच काय, कुठेच.

पैसे भरताना अ‍ॅपवर नाव आलं कुठल्याशा ट्रेडर्सचं. विचारलं तर उत्तर तयार: ‘भारतातले अधिकृत प्रतिनिधी’. आपल्याकडे व्हिसाचे अर्जसुद्धा खासगी कंपनीच घेते, मग हेही तसंच असेल असं वाटणं साहजिक होतं. ब्लॉक्ड अकाउंट विद्यार्थ्यांना लागतं, पगाराचा करार हातात असलेल्या पोस्टडॉकला नाही, हे मला नंतर कळलं. राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो आहे, तीही तुम्ही स्वतः भरता, विद्यापीठाला देत नाही. पगाराचंही तसंच. ऑफर लेटरमध्ये महिना ४,९०० युरो, ‘टॅक्स फ्री’ असं होतं. तिथल्या सरकारी विद्यापीठांत पोस्टडॉकला साधारणपणे टीव्ही-एल ई१३ ही वेतनश्रेणी असते, तिचे तक्ते नेटवर उघडे आहेत आणि तो पगार करपात्र असतो. लेटरमध्ये श्रेणीच लिहिलेली नसेल तर तिथेच थांबा.

१,८५,००० ‘टॅक्स क्लिअरन्स’साठी मागितल्यावर मी खऱ्या प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावरच्या पत्त्यावर मेल टाकली. आधी टाकली नव्हती, कारण ‘सर सबॅटिकलवर आहेत, सगळं सेक्रेटरीमार्फत’ असं मला लेखी कळवलं होतं. रातोरात उत्तर आलं. दोन ओळी: अशी जागाच नाही, पोलिसांत जा.

गेलो. जवळच्या पोलीस ठाण्यातला हवालदार म्हणाला, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी १९३० ला (सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला) फोन केला का? केला होता, लागायलाच पाऊण तास गेला. सरकारी सायबर तक्रार पोर्टलवरचा तक्रार क्रमांक दाखवला तर म्हणे, मग झालं की, अर्ज ठेवून जा. एफआयआर मागितला तर तिथल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, ‘इथे कोटींची प्रकरणं पडलीत. आणि सर, तुम्ही तर डॉक्टर ना? शिकलेली माणसं अशी कशी फसता?’ बाकावर बसलेले दोघं हसले. फसवणारा मोकाट आणि माझी तोंडी परीक्षा इथेही! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते, हद्दीचं कारण चालत नाही, आणि ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. हे मी म्हटलं, तर उत्तर आलं, ‘कायदा आम्हाला शिकवू नका.’

बँक त्यांच्याही वरची. पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा, आमची जबाबदारी नाही. बरं, मग त्या ट्रेडर्सचं खातं कुणी उघडलं? केवायसी कुणी केलं? माझ्या आईचा पत्ता बदलायला तीन कागद मागणारे हेच लोक. ९,३०० रुपये समोरच्या खात्यात गोठवले आहेत म्हणतात. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणे. बाकी सगळे तासाभरात पुढे सरकले होते. म्हणून पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३०, मग पोर्टल, मग बँकेला लेखी, आणि प्रत्येक कागदावर पोच. तोंडी कुणाशीही बोलू नका.

आता माझ्या जुन्या लॅबमधल्या एका ज्युनिअर मुलीलाही मेल आली आहे. विद्यापीठ दुसरं, देश नेदरलँड्स, विषय तिचा: मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ट्रान्झिस्टर. क्लीनरूम ट्रेनिंगचा आकडा ४१,२०० झालाय. तिला सांगितलंय, पैसे नाहीत म्हणू नकोस, खाते क्रमांक मागून घे. तो आला की मी तिच्याबरोबर पुन्हा त्याच साहेबांपुढे उभा राहणार आहे.