साठ वॅटचं स्टिकर आणि माझी टेप

मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो, मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडे तिकडे झाला तर जॉब रिजेक्ट. असा माणूस चौदा बाय दहा इंचाच्या सोलर पॅनेलवर 60 वॅट वाचून 4,500 रुपये देतो, तेही एकदा नाही, तीनदा. घरात हे अजून पुरतं सांगितलेलं नाही, इथं सांगतो.

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे आमची थोडी काजूची बाग आहे. तिथं गोठा आणि त्याला लागून एक खोली. मध्ये जंगल, त्यामुळे हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाईन गोठ्यापर्यंत येत नाही. गवे कुंपण मोडून आत येतात, म्हणून आबा रात्री तिथंच झोपतात. म्हैस व्यायला झाली की कंदील धरून बसायचं. सोलर दिवे घ्यायचे हे नक्की होतं, कुठले एवढंच ठरायचं होतं.

फेब्रुवारीत एक माणूस गाडी घेऊन गावात आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. "काका, केंद्राची स्कीम हाय, निम्मी सबसिडी तुमच्या खात्यावर पडतीय." दिव्यावर 120 वॅट, पॅनेलवर 60, बॅटरीवर 30,000 एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचा आकडा), वर तीन दिवसांचा बॅकअप. सबसिडीच्या नोंदणीचे 1,500 वेगळे. पावती दिली ती वहीतल्या कागदाची, त्यावर ना पत्ता ना जीएसटी नंबर.

पंतप्रधान सूर्यघर योजनेची सबसिडी घराच्या छपरावर बसवून वीज कंपनीच्या लाईनला जोडलेल्या सोलरला मिळते. रानातल्या सुट्या दिव्याशी तिचा काही संबंध नाही. हे मला नंतर कळलं.

मार्चमध्ये दिवे पहाटेपर्यंत जळायचे. आबा खूश, शेजाऱ्यानंही दोन घेतले (त्याच्यासमोर अजून मान वर होत नाही). मग जून लागला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. दिवा रात्री अकराला मिटू लागला, नंतर नऊला. एका रात्री आबांचा फोन आला, "दिवा गेला बघ, आन् बाहेर कायतरी चरतंय."

जुलैत एका दुपारी ऊन पडलं, तेव्हा मी मल्टिमीटर घेऊन गेलो. पॅनेलच्या दोन वायरी मीटरला दहा अँपिअरच्या खाचेत लावल्या. 60 वॅटच्या बारा व्होल्टी पॅनेलनं कडक उन्हात साडेतीन अँपिअरच्या आसपास दाखवायला हवं. दाखवलं 0.58. पाठीमागचं स्टिकर नखानं उचललं, तर खाली दुसरं स्टिकर. त्यावर 10 वॅट.

मीटरचीही गरज नव्हती खरं तर. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट ऊन पडतं, आणि चांगलं पॅनेल त्यातलं पाचवा हिस्सा वीज करतं. चौदा बाय दहा इंचात अठरा वॅटच्या वर निघणारच नाही, स्टिकरवर काहीही छापा. टेप माझ्या खिशात होती!

बॅटरीचा डबा उघडला. आत 3.2 व्होल्टचे दोन जाडजूड सेल, प्रत्येकी 6,000 एमएएच, म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम 38 वॅट-तास (एक वॅटचा दिवा 38 तास जळेल एवढी वीज). खरा 120 वॅटचा दिवा त्यावर वीस मिनिटंही चालला नसता. चालत होता, कारण तो साडेतीन वॅटचा होता. एमएएचचा आकडा मोठा दिसतो, म्हणून तोच छापतात. व्होल्टनं गुणून हजारानं भागा, मग खरा माल कळतो.

1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. 2019 च्या ग्राहक कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण विरुद्ध पक्षाच्या रकान्यात कुणाचं नाव आणि कुठला पत्ता लिहू? वहीच्या कागदावर सही आहे, तीही वाचता येत नाही.

आता बसवलंय ते असं: पाच-पाच वॅटचे दोन दिवे, अकरा तास, म्हणजे रात्रीला 110 वॅट-तास. तीन ढगाळ दिवस धरून 12.8 व्होल्ट 30 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. पावसाळ्यात दिवसाला दोनच तासांचं ऊन धरलं, म्हणून पॅनेल 100 वॅटचं. ते सव्वातीन फूट लांब आहे, एकट्याला शिडीवरून नेता आलं नाही. गोठ्यावरच्या फणसाची एक फांदी तोडावी लागली, कारण एका कोपऱ्यावर सावली पडली तरी वीज धाडकन उतरते. बिल पक्कं घेतलं. पॅनेल दुकानातच उन्हात धरून अँपिअर बघितले तेव्हा दुकानदार हसला, हसू दे.

जुनं एक पॅनेल आबांनी कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून ठेवलंय. त्या माणसाचा नंबर अजून लागतो. परवा विचारलं, तर म्हणाला, सबसिडी प्रोसेसमध्ये आहे.