हिरव्या टिकल्या आणि बारा बैठका

मुलगा सात वर्षांचा, आणि आठवड्यातल्या पाच रात्री तरी गादी ओली. मामाकडे राहायला जायचं म्हटलं की त्याचं पोट दुखायला लागायचं. अशात कुणीतरी सांगितलं, अ‍ॅक्युपंक्चरच्या 12 बैठकांत शंभर टक्के बंद. सगळे पैसे आगाऊ भरून मोकळे झालो.

नाडी बघून निदान झालं, "किडनी कमजोर आहे." लघवीची तपासणी नाहीच. घोट्याच्या वर चार बोटांवर सुई, बेंबीखाली दोन. पोरगा दात आवळून छताकडे बघत आकडे म्हणायचा.

सोबत दोन सूचना होत्या. संध्याकाळनंतर पाणी बंद, आणि रात्री बारा व चारला उठवून शू करायला न्यायचं. कोरड्या रात्रीला कॅलेंडरवर हिरवी टिकली. तिसऱ्या आठवड्यात कॅलेंडर हिरवंगार! "बघा, सुया लागू पडल्या." मग आम्ही दोघंही तापाने पडलो, दोन रात्री त्याला कुणी उठवलंच नाही. दोन्ही रात्री गादी चिंब. टिकल्या सुयांच्या नव्हत्याच, आमच्या जागरणाच्या होत्या.

बारा संपल्यावर "अजून आठ लागतील." गॅरंटीचं काय, विचारलं तर उत्तर आलं, "मूल मनापासून साथ देत नाही." तो समोरच बसला होता. घरी येताना म्हणाला, "बाबा, मी मुद्दाम नाही ना करत?" पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

बालरोगतज्ज्ञांनी आधी विचारलं, "शी रोज होते का?" होत नव्हती. आतडं तुंबलं की मूत्राशयावर दाब येतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. लघवी तपासली, पोट साफ होण्याचं औषध दिलं, आणि थेंब पडताच वाजणारा गजर. पहिले पंधरा दिवस गजराने सगळं घर उठायचं, हा मात्र घोरत. तीन महिन्यांनी सलग 14 रात्री कोरड्या गेल्या.

त्यांनीच सांगितलं, पाच वर्षांच्या शंभरातल्या साधारण पंधरा मुलांना हा त्रास असतो, आणि दरवर्षी त्यांतली पंधराएक टक्के आपोआप कोरडी होतात. म्हणजे सुया टोचा नाहीतर अंगारा लावा, काहींना 'गुण' येणारच. अ‍ॅक्युपंक्चरवर अभ्यास झालेत, पण बहुतेक छोटे आणि कच्चे. शंभर टक्क्यांचा दावा त्यातून निघत नाही.

परतावा मागायला गेलो तेव्हा पावती पहिल्यांदा नीट वाचली. "आरोग्य पॅकेज, 12 बैठका." अंथरुणातल्या लघवीचा त्यावर एक शब्द नव्हता.