उत्क्रांतीचं किट घेतलं: कवट्या आणि रिबन एकदम मस्त, पोस्टर मात्र भिंतीवर लावू नका

मी गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. जुलैमध्ये ऑनलाइन हे किट मागवलं, ३,६०० रुपये, अर्धे पैसे पालक-शिक्षक संघाने दिले आणि अर्धे मी घातले. वाळपईला कुरिअर पोचायला नऊ दिवस लागले, पण पॅकिंग चांगलं होतं, काही फुटलं नाही. आता नववी-दहावीच्या मिळून चार तुकड्यांत वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहिते.

मुळात घेतलं कशाला, तर दहावीच्या एनसीईआरटी पुस्तकात आधी ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असा धडा होता, कोविडमध्ये उत्क्रांतीचा भाग गाळला आणि २०२३ पासून पुस्तकातही फक्त आनुवंशिकता राहिली. उत्क्रांती आता बारावीच्या बायोलॉजीत. म्हणजे दहावीनंतर कॉमर्सला गेलेल्या पोराला ती शाळेत कधी भेटणारच नाही, आणि माझी निम्मी मुलं कॉमर्सलाच जातात हो. हे मला सहन होत नाही.

बॉक्समध्ये अर्ध्या आकाराच्या पाच कवट्या आहेत: चिंपांझी, मग ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो इरेक्टस आणि निअँडरथल हे माणसाचे नामशेष झालेले नातेवाईक, आणि आपण. प्लास्टिक जाड आहे, दात नीट दिसतात. मी काहीच न सांगता मुलांच्या हातात दिल्या आणि म्हटलं उलट्या करा, खाली भोक आहे त्यात बोट घाला. पाठीचा कणा जिथे कवटीला जोडतो ते हे भोक. चिंपांझीचं मागच्या बाजूला, आपलं बरोबर मधे तळाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, वर्षभरात दोनदा बोलली असेल, तिने ऑस्ट्रेलोपिथेकसची कवटी बोटावर तोलून धरली आणि म्हणाली, "टीचर, हें भोंक मदींच आसा, म्हणजे हो उबो चलतालो?" मेंदू एवढासा, चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा, पण चालायचा दोन पायांवर! मी सांगायच्या आधी तिने शोधलं. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

एक चूक सांगते, ऑस्ट्रेलोपिथेकसच्या लेबलवर ‘ल्युसीची कवटी’ लिहिलंय ते बरोबर नाही. १९७४ साली इथिओपियात ल्युसी नावाचा ऑस्ट्रेलोपिथेकसचा जीवाश्म सापडला तेव्हा साधारण ४० टक्के सांगाडा मिळाला, पण कवटीचे मोजकेच तुकडे होते. हा चेहरा तिच्याच जातीच्या दुसऱ्या जीवाश्मांवरून केलेला असणार. मी लेबल काढून टाकलं.

दुसरी मस्त वस्तू कापडी रिबन, ४.६ मीटर. पृथ्वीचं वय ४६० कोटी वर्षं, म्हणजे १ मीटरला १०० कोटी आणि १ मिलिमीटरला १० लाख. व्हरांड्यात ताणून धरली. मुलं चालत चालत सजीवांची सुरुवात शोधत गेली, ती शेवटून साडेतीन मीटरवर, आणि मग कितीतरी वेळ नुसते सूक्ष्मजीवच. डायनासोर गेले ते शेवटून ६.६ सेंटीमीटरवर. ल्युसी ३.२ मिलिमीटरवर. आणि आपण, होमो सेपियन्स, साधारण ३ लाख वर्षं, म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सासुद्धा नाही. पेन्सिलचं टोक टेकवलं तरी खूण मोठी होते. व्हरांडा अगदी चिडीचूप झाला होता.

चोचींचा खेळ आहे, चोच म्हणून चिमटा, चमचा, कपड्यांची क्लिप वगैरे, पण दाणे म्हणून दिलेले प्लास्टिकचे मणी बेकार, टेबलावरून घरंगळतात. मी घरून कुळीथ, अळसांदे आणि शेंगदाणे नेले. ज्याला पुरेसं मिळत नाही तो पक्षी मेला, जो जगला त्याची पिल्लं पुढच्या फेरीत. नुसते अळसांदे ठेवल्यावर तीन फेऱ्यांत बारीक चिमटेवाले जवळपास संपले. मग १९७७ चा गॅलापागोस बेटांवरचा दुष्काळ सांगितला, बारीक मऊ बिया संपल्या, कठीण बिया उरल्या, फिंच नावाच्या पक्ष्यांपैकी जाड चोचीचे जास्त जगले आणि त्यांच्या पिल्लांच्या चोची जाड निघाल्या, ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने प्रत्यक्ष मोजलंय हे. कुठल्याही एका पक्ष्याने चोच जाड करून घेतली नाही, हे या खेळाशिवाय मुलांच्या डोक्यात शिरत नाही, मी दहा वर्षं तोंडी सांगून बघितलंय.

आता पोस्टर. तेच ते, माकड वाकलेलं, मग अर्धं वाकलेलं, मग ताठ माणूस, एका रांगेत. कृपया लावू नका. कवट्यांनी जे शिकवलं ते सगळं हे एक चित्र पुसून टाकतं. कारण लगेच प्रश्न आलाच, "टीचर, मागीर आतांचीं माकडां मनीस कित्याक जायनात?" म्हणजे मग आताची माकडं माणूस का होत नाहीत? प्रश्न अगदी रास्त आहे, चूक चित्राची आहे. आताचं माकड आपला पणजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे. चिंपांझी आणि आपण साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळे झालो. मुलांनी पोस्टर कापलं आणि कार्डबोर्डवर फांद्या काढून चित्रं फांद्यांच्या टोकांना चिकटवली, तेच आता वर्गात आहे.

भारतातलं काहीच नाही ही मोठी उणीव. मी दोन गोष्टी जोडल्या. बाजारातून कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल नेले, तिन्ही एकाच जातीचे, माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वेगळे केलेले. आणि आपल्या केरीचं देवगांडूळ, ज्याला २००७ मध्ये गोव्याचंच नाव मिळालं. हा बेडकांचा नातेवाईक, पाय नाहीत, लोक साप समजून मारतात. याच्या कुळातली देवगांडुळं थेट सेशेल्स बेटांवर आहेत. समुद्र पोहून नाही गेली, जमीनच तुटून लांब गेली, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. एका मुलाने लगेच रिबनवर ६.५ सेंटीमीटरला हिरवा दोरा बांधला.

घेणार असाल तर माहितीपुस्तिका फक्त इंग्लिशमध्ये आहे, मराठी माध्यमाला वेळ काढून स्वतः भाषांतर करावं लागेल. आणि रिबन पावसाळ्यात कपाटात ठेवू नका, आमच्या एका टोकाला बुरशी आली. आता उन्हात वाळवून स्टीलच्या डब्यात ठेवते, हिरव्या दोऱ्यासकट.